गोल सोडावा की धरावा

सोमवारी सकाळी वैजनाथ मास्तर पेपर उघडून बसले की सरिताबाईंनी दूध आधी गॅसवरून उतरवून ठेवायचं, हे त्या घरात ठरूनच गेलं होतं. मास्तर कधी ओरडतील याचा नेम नव्हता, आणि नवऱ्याच्या ओरडण्यानं दचकून त्यांच्या हातून दोनदा दूध सांडलं होतं.

"अगं, हे बघ! हे बघ काय लिहिलंय या शहाण्यानं!"

"काय लिहिलं आता?"

"पंधरा दिवसाखाली म्हणला, प्रेमदास गोल सोडून पुढं धावतो हीच त्याची मर्दुमकी. आज म्हणतो, गोलरक्षकानं गोल सोडणं म्हंजे घर उघडं टाकून जत्रेला जाणं. अरे, पोरगं तेच, पाय तेच, चेंडू तोच! मंग बदललं काय?"

"जिंकले का हरले?"

"हरले."

"मंग तेच बदललं की," असं म्हणून सरिताबाईंनी दूध पुन्हा गॅसवर ठेवलं.

बाईनं सगळं प्रकरण एका वाक्यात निकालात काढलं होतं. पण बायकोचं ऐकून गप बसले तर ते मास्तर कसले! एकतीस वर्षं गोरेगावच्या आश्रमशाळेत ड्रिल मास्तर म्हणून शिट्टी फुंकलेला माणूस. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण गळ्यात शिट्टी नसली तरी आवाजात होतीच. त्यांनी कात्री घेतली, लेख कापला आणि निळ्या फाइलीत लावला. फाइलीत असे आठ लेख झाले होते. आठ सामने, आठ लेख, आणि पोरगं एकच: प्रेमदास.

हा प्रेमदास गावाबाहेरच्या तांड्यावरचा, हिरासिंग आणि रूपाबाईचा पोरगा. बारा-तेरा वर्षांचा असताना सेनगावच्या जीपपाशी उभा राहायचा आणि टपावरून लोक जे सामान खाली फेकतील ते झेलायचा. गाठोडं असो, पिशवी असो, एकदा तर कोंबड्यांची डालगी. एक वस्तू कधी भुईला लागली नाही. मास्तरांनी ते हात पाहिले आणि तिथल्या तिथं ठरवलं की हे पोरगं गोलकीपर होणार. मास्तर स्वतः कॉलेजात नांदेडला फुटबॉल खेळलेले. बाकी सगळा जिल्हा क्रिकेटच्या मागं लागलेला असताना या माणसानं शाळेमागच्या पडीक रानात दोन बांबू रोवले आणि त्या पोराला त्यात उभं केलं. पुढं पोरगं पुण्याला सरकारी क्रीडा प्रबोधिनीत गेलं, तिथून गोव्याच्या एका क्लबात, आणि यंदा त्या क्लबाच्या मोठ्या गोलकीपरचा गुडघा गेला म्हणून थेट मैदानात. हिंगोली जिल्ह्याचं पोरगं टीव्हीवर! गोरेगावच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात प्रेमदासपेक्षा शुभेच्छुकांचेच फोटो मोठे होते, पण ते चालायचंच.

आणि त्या फ्लेक्सपाठोपाठ नांदेडहून निघणाऱ्या पेपरात दर सोमवारी सदर सुरू झालं. नाव काय, तर 'पेनल्टी कॉर्नर'. अरे देवा! पेनल्टी कॉर्नर हॉकीत असतो. ज्याला हॉकी आणि फुटबॉल यातला फरक कळत नाही, त्यानं गोलकीपरला अक्कल शिकवायची! लिहिणारा हिंगोलीच्या ऑफिसातला शिवशंकर नावाचा पत्रकार होता. मास्तरांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण मनातल्या मनात त्याला रोज मैदानाच्या दहा चकरा मारायला लावायचे.

निळ्या फाइलीतलं काय काय सांगावं! क्लब जिंकला तेव्हा लिहिलं, 'तांड्यावर, रानावनात वाढल्याने प्रेमदासची नजर घारीसारखी.' हरला तेव्हा लिहिलं, 'रानावनात वाढलेल्याला आधुनिक खेळाची समज कुठून येणार?' म्हणजे जिंकला तरी तांडा आणि हरला तरी तांडा. एका लेखात तर कमाल केली. वरच्या परिच्छेदात म्हणे फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ, एकट्याला दोष देणं हा अडाणीपणा. आणि शेवटच्या ओळीत, 'या पराभवाचं खापर एकट्या प्रेमदासच्या माथी फुटणार हे उघड आहे.' चित भी मेरी, पट भी मेरी.

लोकांनी हे हसून सोडून दिलं असतं तर मास्तरांचीही तक्रार नव्हती. पण स्टँडवरच्या अमृतरावांच्या हॉटेलात हा लेख मोठ्यानं वाचला जायचा आणि अख्खं गाव आठवडाभर त्या लेखाचं तोंड घेऊन बोलायचं. आणि तांड्यावर हिरासिंग. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पोरगी निलम वाचून दाखवायची. छापून आलं ते खरं, ही त्या माणसाची श्रद्धा. सातबारा छापील, रेशन कार्ड छापील, लग्नपत्रिका छापील. छापून खोटं कशाला कोण लिहील? म्हणून दर सोमवारी तो गोव्याला फोन लावायचा. एका सोमवारी सांगायचा, "बेटा, पुढं पळ, भिऊ नको." दुसऱ्या सोमवारी, "बेटा, जागा सोडू नको, पेपरात आलंय." आणि प्रेमदास हा बापाचा शब्द खाली पडू न देणारा पोरगा.

त्या सोमवारी संध्याकाळी प्रेमदासचा मास्तरांना फोन आला.

"गुरुजी, चेंडू येऊन राहिला की डोक्यात दोन आवाज येतेत. एक म्हणतो जा, एक म्हणतो थांब. तोवर मी अर्ध्यात उभा."

गोलकीपर पुढं गेलेला चालतो, मागं राहिलेला चालतो, अर्ध्यात उभा राहिलेला संपला.

"तू ते पेपर वाचतो काहून?"

"मी न्हाई वाचत. बा सांगतो ना. आन गुरुजी, जानेवारीत क्लब दुसरा गोलकीपर पाहून राहिला. कोच म्हणले, ह्या रविवारची मॅच पाहू आन मंग ठरवू, तू का तो."

"तू खेळ तुह्या मनानं. या पेपरवाल्याचा बंदोबस्त मी करतो."

"जी गुरुजी."

हे 'जी गुरुजी' मास्तरांनी दहा वर्षं ऐकलं होतं. पुण्याचे प्रशिक्षक झाले, गोव्याचे झाले, पण प्रेमदासच्या मनात आपला शब्द शेवटचा, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. असेना. दुसरं काय होतं त्यांच्यापाशी!

बंदोबस्त म्हणजे लेख. फोन ठेवल्या ठेवल्या मास्तरांनी फुलस्केप कागद घेतले आणि बसले. आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मास्तरांचे वडील कीर्तनकार, आणि मास्तर स्वतः लहानपणापासून गावच्या सप्ताहात टाळ घेऊन मागं उभे राहिलेले. वाद कसा घालावा हे ते शाळेत नव्हे, कीर्तनात शिकले. कीर्तनकार काय करतो? आधी समोरच्याची शंका मांडतो, आणि अशी तशी नाही, पुऱ्या जोरानं. 'कोण म्हणतो देव आहे? पाहिलाय कुणी?' असं वडील गरजले की म्हाताऱ्या बाया घाबरून एकमेकींकडं बघायच्या, बुवा फिरला की काय! आणि मग अर्ध्या तासानं वडील त्या शंकेचा असा खुर्दा करायचे की त्याच म्हाताऱ्या डोळे पुसत घरी जायच्या. वडील म्हणायचे, शंका लंगडी मांडली तर उत्तर आंधळं निघतं. शत्रूला आधी घोड्यावर बसवावं, मग पाडावं.

मास्तरांनी शत्रूला घोड्यावर बसवलं. पहिल्या दीड पानात शिवशंकरची सगळी वाक्यं स्वतःच्या तोंडानं बोलले. अवतरणचिन्हं नाहीत, 'ते म्हणतात' नाही. कीर्तनात कुठं अवतरणचिन्हं असतात? आवाज बदलला की लोकांना कळतं. एवढं झालं तरी त्यांचं समाधान होईना. ही शंका अजून लेचीपेची आहे, असं त्यांना वाटलं. या शिवशंकरला खेळातलं कळत नाही म्हणून त्याला खरा मुद्दाच सापडलेला नाही. मग मास्तरांनी तो त्याच्या हातात दिला.

तो मुद्दा दुनियेत दोघांनाच ठाऊक होता. सहा वर्षांमागं आखाडा बाळापूरच्या शाळा-स्पर्धेत एक उंच चेंडू आला, प्रेमदास झेपावला आणि समोरच्या पोरावर आदळला. त्या पोराचा हात कोपरात मोडला. तेव्हापासून उंच चेंडूवर जाताना प्रेमदास क्षणभर डोळे मिटायचा. क्षणभरच, पापणी लवावी एवढं. मास्तरांनी ते हेरलं, कुणाला बोलले नाहीत, आणि दोन वर्षं रोज पहाटे त्या बांबूंपुढं उभं राहून हजारो चेंडू हवेत फेकले. पोरगं रडायचं, पुन्हा उभं राहायचं. हेच तर उत्तर होतं! डोळे मिटणारं पोरगं डोळे उघडून मोठ्या मैदानात उभं राहिलं, यापेक्षा मोठी हिंमत कोणती? आणि तुम्ही त्याला एका सोमवारी शूर म्हणता नि एका सोमवारी भित्रा? पुढची दोन पानं मास्तरांनी अशी लिहिली की लिहिता लिहिता त्यांचेच डोळे भरले. आठही लेख तारीखवार समोरासमोर उभे करून एकमेकांच्या थोबाडीत मारायला लावले. शेवटी लिहिलं, 'गोल सोडावा की धरावा, हे चेंडू बघून ठरतं, निकाल बघून नाही.'

वाचून दाखवल्यावर सरिताबाई म्हणाल्या, "चांगलं हाय. पन ते डोळ्याचं काहून लिहिलं? ते पोराचं गुपित व्हतं."

"अगं, त्याच्याशिवाय उत्तराला वजन येत न्हाई."

"मंग उत्तरच आधी लिहा ना."

"तुला न्हाई समजणार."

बुधवारी स्टँडवरच्या सेवा केंद्रात प्रतिक्षानं तो लेख टाईप केला. ही मास्तरांचीच विद्यार्थिनी. मेल पाठवण्याआधी ती म्हणाली, "गुरुजी, नऊशे शब्द झाले. पेपरवाल्यायनी चारशेच मागतले. कमी करू का?"

"एक शब्द न्हाई काढायचा. पाठव."

रविवारी सकाळी मास्तर आंघोळ करून, टोपी घालून स्टँडवर गेले. अमृतरावांच्या हॉटेलात शिरले तर सगळे उठून उभे राहिले.

"वा मास्तर!" अमृतराव म्हणाले. "आपल्याच शिष्याबद्दल असं खरं बोलायला छाती लागते, राव. माणसानं बराबर ते बराबर म्हणावं."

मास्तरांना काही उमजेना. त्यांनी पेपर ओढून घेतला. सातव्या पानावर त्यांचा टोपीतला फोटो होता. त्यावर मोठ्या अक्षरात मथळा: 'असा गोलरक्षक संघाने का ठेवावा? गुरूचाच सवाल.' आणि खाली त्यांचंच लिखाण. प्रेमदासला मी घडवलं, त्याला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. तो सोडू नये तिथं गोल सोडतो, सोडावा तिथं खिळून राहतो. रानावनात वाढला, त्याला या खेळाची समज नाही. आणि कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो: आखाडा बाळापूरपासून उंच चेंडूवर जाताना हा डोळे मिटतो. असा गोलरक्षक संघानं का ठेवावा?

संपलं. प्रश्नचिन्हावर लेख संपला होता. त्याच्याखाली कुणा साहेबांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात होती, हार घातलेली, हसरी.

मास्तर बाकावर बसले. त्यांनी फोन काढून प्रेमदासला लावला, बंद. मॅचच्या दिवशी नाष्ट्याच्या वेळेलाच खेळाडूंचे फोन क्लबवाले काढून घेतात, हे त्यांना माहीत होतं, तरी चारदा लावला. मग तांड्यावर निलमला लावला.

"गुरुजी, हे तुमी लिहिलं?" निलमनं आधी हेच विचारलं.

"निलम, तुह्या बाला सांग, दादाला फोन करू नको म्हणाव. ते अर्धंच—"

"बानं सातलाच केला. मला दोनदा वाचायला लावलं. दादा तर, गुरुजी, नुसतं म्हणला, डोळ्याचं वाक्य परत वाच."

मागून रूपाबाईचा आवाज आला. "इचार त्यायले, मह्या लेकरानं त्यायचं काय घोडं मारलं व्हतं!"

निलमनं फोन ठेवला.

करायला गेले गणपती आणि झालं माकड! पण हे हसण्यावारी नेण्याजोगं माकड नव्हतं. मास्तरांनी निळी फाइल काखोटीला मारली, मिळेल त्या जीपला लोंबकळून हिंगोली गाठली आणि पेपरचं ऑफिस शोधत जिन्यावर चढले. वाटेत त्यांनी शिवशंकरला काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. वर एका खोलीत तिशीतला एक बारकासा माणूस टेबलावर वाकून डबा खात होता. मास्तरांना बघून तो उष्ट्या हातानंच उठला.

"या गुरुजी, या! तुमच्या लेखाला सकाळपासून चाळीस फोन आले. आमच्या सदराला आजवर एवढे कधी आले न्हाईत."

"माझा लेख कुठं हाय?" मास्तर ओरडले. "हे शंका हाय, शंका! उत्तर कुठं गेलं?"

शिवशंकरनं पाणी ओतलं, खुर्ची पुढं केली. "गुरुजी, पान इथं लागत न्हाई, नांदेडला लागतं. काल सात वाजता जाहिरात आली, जागा कमी पडली. मंग लेख खालून कापतेत. बातमीत महत्त्वाचं ते वर असतं आन खाली उरलंसुरलं, असंच धरून चालतेत सगळे."

"मंग कीर्तनातून अर्ध्यात उठून जाता का तुमी? देव न्हाई एवढंच ऐकून?"

"खुलासा टाकू ना उद्या. दोन ओळीचा."

दोन ओळींचा! मास्तरांनी फाइल उघडून टेबलावर आदळली. ऑक्टोबरचा लेख, नोव्हेंबरचा लेख. हे वाच, आता हे वाच. इथं घार, इथं अडाणी. इथं मर्दुमकी, इथं जत्रा. काय रे, तू एकच माणूस का दोघं? शिवशंकरनं सगळे लेख कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाचले. मग म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू? मी एकपण मॅच पाहिली न्हाई. मी दिवसाला हळदीचे भाव करतो, अपघात करतो, पुढाऱ्याचे दौरे करतो. रविवारी रात्री निकाल येतो, अर्ध्या तासात लेख मागतेत. जिंकले तर काहून जिंकले, हरले तर काहून हरले. लोकाला कारण लागतं. मागं काय लिहिलं व्हतं ते कोण ध्यानात ठेवतं? तुमीच पहिले भेटले."

मास्तरांनी पाठ केलेलं सगळं भाषण जागच्या जागी विरलं. एखादा लबाड भेटला असता, वैरी भेटला असता, तर भांडायला जोर आला असता. इथं तर डबा अर्धा टाकून बसलेला एक दमलेला गडी होता, आणि त्याच्या मनात प्रेमदासबद्दल चांगलं नव्हतं की वाईट नव्हतं. काहीच नव्हतं. त्या काहीच-नाहीतून आठ लेख निघाले होते आणि एका पोराचे पाय बांधून गेले होते.

"पाचला मॅच हाय," शिवशंकर हळूच म्हणाला. "मोबाइलवर पाहू. बसा गुरुजी. असं जाऊ नका."

पाच वाजता त्यानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. क्लबाचे खेळाडू मैदानात उतरले. मास्तर चष्मा पुसून पुढं वाकले. गोलमध्ये हातमोजे घालून उभा होता तो क्लबाचा राखीव गोलकीपर, उंच, गोरटेला, दाढीवाला गडी. प्रेमदास नव्हता. कॅमेरा एकदा बाकावर फिरला तेव्हा टोकाला टॉवेल खांद्यावर घेऊन, मान खाली घालून बसलेलं पोरगं दिसलं. एवढंच दिसलं आणि कॅमेरा पुढं गेला.

मास्तर नव्वद मिनिटं हलले नाहीत. दाढीवाल्यानं तीन गोल खाल्ले. त्यातले दोन तर प्रेमदासनं झोपेत अडवले असते. जीपच्या टपावरून पडणारं गाठोडं झेलण्यापेक्षा सोपे चेंडू होते ते. तिसरा गोल झाला आणि शेजारी कीबोर्डचा खडखड आवाज यायला लागला. मास्तरांनी वळून पाहिलं. शिवशंकर लिहीत होता. पडद्यावर मथळा उमटला होता: 'प्रेमदासला बसवले, तिथेच संघ बसला.'

"अरे," मास्तर म्हणाले. "सकाळी तुमीच छापलं ना, असा गोलकीपर काहून ठेवावा म्हणून?"

"ते तुमचं व्हतं, गुरुजी," शिवशंकर अगदी सरळपणानं म्हणाला. "हे माझं हाय."

मास्तर उठले. फाइल तिथंच राहिली. त्यांनी ती मागून घेतली नाही आणि शिवशंकरनंही हाक मारली नाही. परतीच्या जीपमध्ये त्यांना पुढची सीट मिळाली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं लेखाबद्दल काहीतरी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलचा विषय निघूनही मास्तर भाड्याचे सुटे पैसे मोजत बसले.

सोमवारी खुलासा आला, दोन ओळींचा, निविदा सूचनांच्या मध्ये कुठंतरी. हॉटेलात तो कुणी वाचला नाही. तिथं वाचलं गेलं ते नवं सदर. मास्तर भाजी घ्यायला स्टँडवर गेले तर अमृतरावांनी गल्ल्यावरूनच हाक मारली. "मास्तर, वाटोळं केलं राव तुमी पोराचं! घरचं माणूस असून पेपरात लिहितेत का असं? मी कालच म्हणलो व्हतो, हे काही बराबर झालं न्हाई." काल त्यांनीच उठून उभं राहून शाबासकी दिली होती, आणि ते त्यांना आठवतही नव्हतं. मास्तरांनी भाजी न घेताच घर गाठलं.

नऊच्या सुमारास फोन वाजला. प्रेमदास होता.

"गुरुजी, मी."

"प्रेमदास, बाळा, ऐक. मह्या लेखाचं अर्धंच—"

"ठाऊक हाय गुरुजी. निलमनं प्रतिक्षाताईकडून पुरा लेख आणून धाडला. रात्री वाचला मी. लई चांगलं लिहिलं तुमी."

मास्तरांनी डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. वाचला होता! पोरानं पुरा वाचला होता. "मंग झालं तर! मंग तू काल बसला काहून? तुला बसवलं कोणी?"

"मीच सांगितलं कोचला. बाचा फोन झाला आन मी गेलो त्यांच्यापाशी. म्हणलं, साहेब, उंच चेंडूला मह्ये डोळे मिटतेत, तुमी दुसरा उभा करा. त्यांना ठाऊकच नव्हतं. नवा गोलकीपर शुक्रवारी येऊन राहिला. मी सामान बांधून राहिलो."

"अरे पन ते संपलं ना! दोन वर्षं आपण काय केलं मंग? मी पुढं तेच लिहिलं, वाचलं ना तू?"

"वाचलं गुरुजी. मलाबी वाटत व्हतं, संपलं म्हणून." मागं कुठंतरी पेटीची कडी वाजली. "एकच इचारतो. मागच्या मोसमात तुमी गोव्याला येऊन आमच्या राखीव टीमच्या दोन मॅच पाह्यल्या. गोलच्या मागंच बसले व्हते. तवा मिटत व्हते का मह्ये डोळे?"

मास्तरांच्या समोर ते दुपारचं मैदान उभं राहिलं. दुसरी मॅच, शेवटची दहा मिनिटं, डावीकडून आलेला उंच चेंडू. प्रेमदासनं तो झेललाही होता. स्वच्छ, दोन्ही हातांत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एकट्या मास्तरांना दिसलं होतं. तेव्हा त्यांनी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आता नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण या पोराशी ते कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून तर त्यांच्या शब्दाला किंमत होती. आणि खोटं कसं बोलतात हे ऐनवेळी त्यांना सुचलं नाही.

"मिटत व्हते," मास्तर म्हणाले. "एकदाच. पन—"

"बस गुरुजी," प्रेमदास म्हणाला. रागानं नाही, अगदी मऊ. "जी गुरुजी." आणि फोन बंद झाला.

तरी मास्तर बोलत राहिले. पण तू झेललास, ते बोलले. डोळे मिटूनसुद्धा झेललास, म्हणजे हातांनाच सगळं ठाऊक आहे, ते बोलले. भ्यालेलं माणूसच पुढं जातं त्याला हिंमत म्हणतात, ते बोलले. सगळं उत्तर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न कापता. सरिताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या, मग जवळ आल्या आणि त्यांच्या कानाला लावलेला फोन त्यांनी हळूच काढून घेतला.